गाठ काढली, पण कड साफ नाही: पुन्हा छोटं ऑपरेशन की पूर्ण स्तन काढायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी रत्नागिरी तालुक्यातली. सहा वर्षांपूर्वी माझ्या उजव्या स्तनातली कॅन्सरची गाठ काढली. बारा दिवसांनी रिपोर्ट आला आणि डॉक्टर म्हणाले, "मार्जिन पॉझिटिव्ह आहे." पॉझिटिव्ह म्हटल्यावर मला आधी बरंच वाटलं. मी हसलेसुद्धा. मग त्यांचा चेहरा बघितला.

तेव्हापासून ओळखीतल्या, ओळखीच्या ओळखीतल्या बायका फोन करतात. प्रश्न थोड्याफार फरकाने तेच असतात, म्हणून एकदा नीट लिहून काढले. मी डॉक्टर नाही. तुमच्या फाइलीत काय आहे ते तुमच्या सर्जननाच ठाऊक. पण त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसल्यावर काय विचारायचं, एवढं यातून कळेल. हे सगळं सुरुवातीच्या टप्प्यातल्या कॅन्सरबद्दल आहे, म्हणजे गाठ स्तनात किंवा फार तर काखेपर्यंत आहे, पुढे गेलेली नाही.

मार्जिन पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर आत राहिला, असंच ना?

राहिला असण्याची शक्यता आहे. राहिलाच आहे, असं नाही.

हापूसमधला साका बाहेरून दिसत नाही. कापल्यावर पांढरट भाग दिसला की आपण तो काढतो आणि भोवतीचा थोडा चांगला गरही काढतो. कापलेल्या कडेवर अजून पांढरं दिसलं तर आणखी एक काप काढतो. इथेही तसंच आहे, फक्त कड डोळ्यांनी दिसत नाही. काढलेल्या तुकड्याला लॅबमध्ये बाहेरून शाई लावतात आणि पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. कॅन्सरच्या पेशी शाईला टेकलेल्या दिसल्या तर मार्जिन पॉझिटिव्ह.

पसरू शकणाऱ्या नेहमीच्या कॅन्सरमध्ये शाईला पेशी टेकलेल्या नसतील तर तेवढं पुरतं. अमेरिकेतल्या सर्जन आणि रेडिएशन डॉक्टरांच्या संघटनांनी २०१४ साली तसा नियम घातला आणि तो आता बहुतेक ठिकाणी पाळतात. त्याआधी "कड जवळ आहे" एवढ्यावरून पुष्कळ बायकांना परत टेबलावर घेत. दुधाच्या नळीतच असलेल्या, बाहेर न पडलेल्या कॅन्सरला, म्हणजे डीसीआयएसला, मात्र दोन मिलिमीटरची मोकळी कड लागते. तुमचा प्रकार कोणता, हे पहिलं विचारा.

दुसऱ्यांदा काढलेल्या तुकड्यात पुष्कळदा काहीच सापडत नाही. तो ऑपरेशन फुकट गेल्याचा पुरावा नव्हे. साफ आहे हे कळण्यासाठीच ते केलेलं असतं.

पहिल्या डॉक्टरांनी चूक केली का?

बहुतेक वेळा नाही. स्तन वाचवणाऱ्या ऑपरेशननंतर साधारण पाचातल्या एकीला परत आत जावं लागतं, चांगल्या चांगल्या हॉस्पिटलांतही. लोब्युलर नावाचा प्रकार असेल तर त्याच्या पेशी मुळांसारख्या ओळीने पसरतात, मॅमोग्राममध्ये धड दिसत नाहीत, हाताला लागत नाहीत. तिथे कड सापडणं आणखी कठीण.

माझ्या बाबतीत मात्र एक गोष्ट राहून गेली होती आणि ती अजून मनात आहे. काढलेल्या तुकड्याला सर्जनने दोरे बांधायचे असतात, एक आखूड, एक लांब, म्हणजे वरची बाजू कोणती आणि काखेकडची कोणती हे लॅबला कळतं. माझ्या तुकड्याला दोरे नव्हते. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं की कड बाधित आहे, पण दिशा सांगता येत नाही. एका बाजूचा पातळ काप पुरला असता, तिथे चहूबाजूंनी काढावं लागलं. म्हणून ज्यांचं पहिलं ऑपरेशन अजून व्हायचंय त्यांना मी सांगते: "डॉक्टर, दोरे बांधणार ना?" एवढं विचाराच. कुणी रागावत नाही. रागावलं तर रागावू दे.

पूर्ण स्तन काढला तर मी जास्त जगेन ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. बहुधा सासूबाईंच्या, आईच्या किंवा मुंबईच्या चाकरमानी भावाच्या तोंडून: "मुळासकट काढून टाका, डोक्याला ताप नको."

तसं वाटणं साहजिक आहे. डॉक्टरांनाही जवळपास शंभर वर्षं तसंच वाटायचं. अमेरिकेतले सर्जन हॉलस्टेड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी स्तन, छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी (म्हणजे लसिका ग्रंथी, त्या प्रत्येकीच्याच काखेत असतात) असं सगळं एकदम काढायची पद्धत रूढ केली. जास्त काढलं म्हणजे जास्त वाचलं, असा हिशेब होता. १९७० च्या दशकात दोघांनी तो हिशेब तपासायला घेतला. इटलीत मिलान इथे व्हेरोनेसी यांनी ७०१ बायकांचे दोन गट केले, अर्ध्याजणींचा पूर्ण स्तन काढला, अर्ध्याजणींचा फक्त गाठीकडचा भाग काढून रेडिएशन दिलं. अमेरिकेत फिशर यांनी १,८५१ बायकांवर असाच अभ्यास केला. दोघांनी वीस वर्षं वाट पाहिली आणि २००२ साली निकाल छापले. किती बायका जगल्या, यात फरक नव्हता.

कारण असं की जिवाला धोका स्तनातल्या गाठीचा नसतो. तिथून निघून हाडात, यकृतात, फुप्फुसात जाऊन बसलेल्या पेशींचा असतो. त्या निघाल्या असतील तर स्तन काढून त्यांना मागे बोलावता येत नाही. त्यांच्यासाठी गोळ्या, केमो, इंजेक्शनं.

यात अट एकच, कड साफ हवी. फिशर यांच्या अभ्यासातही ज्यांची कड साफ निघाली नाही त्यांचा पुढे स्तन काढला होता. म्हणजे "पॉझिटिव्ह आहे, पण राहू दे, शेक (म्हणजे रेडिएशन) घेईन" हा तिसरा मार्ग साधारणपणे नाहीच. अपवाद एवढाच: बाधित कड पुढे कातडीला किंवा मागे छातीच्या स्नायूला लागून असेल आणि तिथलं सगळं आधीच काढलेलं असेल, तर आणखी काढायला काही उरत नाही. अशा वेळी डॉक्टर परत न जाता रेडिएशनवर भागवू शकतात.

पण त्याच स्तनात परत येण्याची भीती?

ती थोडी जास्त असते, हे लपवण्यात अर्थ नाही. मिलानच्या अभ्यासात वीस वर्षांत स्तन वाचवलेल्या शंभरातल्या साधारण नऊजणींना त्याच बाजूला परत झाला, स्तन काढलेल्यांत दोघींना. अमेरिकेच्या अभ्यासात गाठ काढून रेडिएशन घेतलेल्या शंभरातल्या चौदाजणींना झाला, नुसती गाठ काढून रेडिएशन न घेतलेल्यांत एकोणचाळीस. हे आकडे जुन्या काळचे आहेत. आता औषधं सुधारली, रेडिएशन सुधारलं, आकडे खाली आलेत. पण शेवटचे दोन आकडे परत वाचा. स्तन ठेवायचा तर शेक चुकवायचा नाही.

आणि स्तन काढल्यावर शून्य होतं असंही नाही. छातीच्या कातडीवर, व्रणाजवळ येऊ शकतो. त्या बाजूला मॅमोग्राम होत नाही, म्हणून हात फिरवून बघायची सवय सोडायची नसते.

स्तन काढला तर शेकाला जावं लागणार नाही, हे खरं का?

अर्धं खरं. आणि आपल्याकडे बायका याच अर्ध्या सत्यावर निर्णय घेतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

शेक, करंट, लाईट, काही म्हणा, रेडिएशन म्हणजे सोमवार ते शुक्रवार रोज जायचं. मशीनवर काही मिनिटंच असतात, पण तिथवर पोचायचं कसं? दापोलीहून, राजापूरहून, मालवणहून? कुणी आंबा घाट चढून कोल्हापूरला जातं, कुणी मिरजेला, बरेचजण मुंबईला. पूर्वी पाच-सहा आठवडे लागायचे. आता पुष्कळ ठिकाणी पंधरा-सोळा वेळांत, म्हणजे तीन आठवड्यांत होतं. कड बाधित होती म्हणून किंवा वय कमी म्हणून गाठीच्या जागेवर चार-पाच दिवस जास्तीचे देतात, त्याला बूस्ट म्हणतात. इंग्लंडच्या २०२० सालच्या अभ्यासानंतर काही जणींना एका आठवड्यात पाच वेळांतही देतात. तुम्हाला चालेल का, ते विचारा. पासष्टीच्या पुढे, गाठ लहान, काख साफ आणि हार्मोनच्या गोळ्या चालणारा प्रकार असेल, तर कधी कधी शेक वगळूनही गोळ्यांवर भागतं. तेही विचारा.

आता दुसरी बाजू. काखेतल्या चार किंवा जास्त गाठींत कॅन्सर असेल, स्तनातली गाठ पाच सेंटिमीटरच्या वर असेल, तर पूर्ण स्तन काढूनही शेक घ्यावाच लागतो. एक ते तीन गाठींतही बऱ्याचदा सांगतात. माझ्या ओळखीच्या एका काकूंनी "घाट चढायला नको" म्हणून स्तन काढला आणि काखेचा रिपोर्ट आल्यावर पंधरा दिवस घाटच चढल्या. कुणी फसवलं नव्हतं. त्यांनी विचारलं नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं.

तेव्हा सर्जनना असं विचारा: "माझ्या काखेचा रिपोर्ट बघता, स्तन काढल्यावर मला शेक लागेल की नाही?" नाही असं स्पष्ट उत्तर आलं, तर अंतर हे स्तन काढण्याचं पूर्ण प्रामाणिक कारण आहे. घरी आजारी माणूस आहे, गुरं आहेत, सोबतीला कुणी नाही, तीन आठवडे गाव सोडणं शक्य नाही. त्यात कमीपणा काय? शहरातल्या डॉक्टरांना हे कारण कधी कधी कमी दर्जाचं वाटतं. मला वाटत नाही.

आणि राहण्याची सोय हीच अडचण असेल तर आधी हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात जा. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, वांद्र्याचं बोर्जेस होम, अशा जागा परळच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलच्या पेशंटसाठी आहेत. हॉस्पिटलच्या दाखल्यावर रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीला पेशंटचं भाडं माफ होतं, सोबतच्या एकाला सवलत मिळते. तुतारी एक्स्प्रेस पकडली की सकाळी दादर, तिथून परळ हाकेच्या अंतरावर.

स्तन काढला तर केमो टळेल?

नाही. केमो गाठीच्या स्वभावावर ठरते: ईआर, पीआर (गाठ हार्मोनवर वाढते का), हर-टू (पेशींवरचं एक प्रथिन), ग्रेड (पेशी किती बिघडल्यात), काख. ऑपरेशन कोणतं केलं, याच्याशी तिचा संबंध नाही.

दुसरं छोटं ऑपरेशन कुणाला चालत नाही?

स्तनात वेगवेगळ्या कोपऱ्यांत गाठी पसरल्या असतील, मॅमोग्राममध्ये चुन्याचे कण सगळीकडे असतील, त्या बाजूला आधी कधी रेडिएशन झालं असेल, तर डॉक्टर स्तन काढा म्हणतील. गरोदरपणात रेडिएशन देत नाहीत, तेव्हाही गणित बदलतं. घरात आई, मावशी, बहीण अशा बऱ्याच जणींना झाला असेल, तुमचं वय कमी असेल, तर बीआरसीए जनुकाची (घराण्यात उतरणाऱ्या दोषाची) तपासणी आधी करून घ्या. ती पॉझिटिव्ह आली तर दोन्ही बाजूंचा विचार करावा लागतो आणि मग एका कडेसाठी आधी घाई केल्याचं वाईट वाटतं.

उरतो मापाचा प्रश्न. स्तन मोठा, गाठ लहान, एकच कड बाधित: पुन्हा काप काढून आकार बऱ्यापैकी राहतो. स्तन लहान आणि चारही कडा बाधित: काढून काढून राहणार काय? कितीदा जायचं याचा ठरीव आकडा नाही. एकदा सर्रास जातात, दुसऱ्यांदाही साफ निघालं नाही तर बहुतेक सर्जन थांबतात आणि स्तन काढा म्हणतात. ऑन्कोप्लास्टी शिकलेले सर्जन शेजारचा भाग फिरवून खड्डा भरतात, त्यामुळे "आता आकार राहणार नाही" हे एकाच सर्जनच्या तोंडून ऐकून मान डोलवू नका.

"सध्या आंब्याचो सीझन चालू आसा. तो सरल्यावर केला तर चलात?"

दोन-तीन आठवडे विचाराला घेतले तर काही बिघडत नाही. ही अपघाताची केस नव्हे. रिपोर्ट हातात पडला त्याच दिवशी कॉरिडॉरच्या बाकड्यावर बसून सही करू नका, घरी या, झोपा, पुन्हा वाचा. पण मार्च ते जून थांबणं वेगळं. आंबा दरवर्षी येतो. गणपती पंधरा दिवसांवर असतील तर डॉक्टरांना सांगून मोदक करून जा, ते मी स्वतः केलंय.

"देवाक कौल लावललो. उजवो दिल्यान. आता काय करू?"

यावर हसणाऱ्यातली मी नाही. आमच्याकडेही गाऱ्हाणं घातलं होतं. फक्त देवाला प्रश्न नीट विचारा. "ऑपरेशन करू का" यावर कौल लावण्यासारखं काही नाही, ते करायचंच आहे. दोन्ही ऑपरेशनांनी आयुष्य सारखंच असेल आणि तुमचं मन दोन्हीकडे सारखं ओढत असेल, तर उजवा येवो की डावा, नुकसान नाही. एक गंमत सांगते. कौल पडल्यावर तुम्हाला आनंद झाला की धस्स झालं, ते बघा.

नवरा म्हणतो काढून टाक. मला नको आहे. काय करू?

सही तुमची आहे. पुढच्या भेटीला त्यांना आत घेऊन जा आणि वीस वर्षांच्या अभ्यासाचं डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा. बहुतेक नवरे भीतीपोटी बोलत असतात. बायको राहिली पाहिजे, बाकी काही नको, असं त्यांना म्हणायचं असतं आणि ते तसं म्हणता येत नाही.

उलटही होतं. बाईला स्तन काढून मोकळं व्हायचं असतं, दर मॅमोग्रामला जीव मुठीत धरायचा नसतो, आणि घरचे "कशाला, एवढी तरुण आहेस" म्हणतात. तिचंही बरोबर आहे.

स्तन काढल्यावर दिसतं कसं? चारचौघांत कळतं का?

एका बाजूला सपाट, आडवा व्रण. तिथली कातडी बरेच महिने बधिर राहते. मोठ्या स्तनाच्या बाईला एका बाजूचं वजन गेल्याने पाठ-खांदा ओढल्यासारखा वाटतो. ब्राच्या आत ठेवायचे सिलिकॉनचे पॅड मिळतात. विणलेले सुती पॅडही मिळतात, आपल्या दमट हवेत मला तेच बरे वाटतात. सिलिकॉनखाली मे महिन्यात घामोळं आलं नाही अशी बाई मला भेटायचीय.

नवीन स्तन करूनही मिळतो, सिलिकॉन बसवून किंवा पाठीचा, पोटाचा भाग घेऊन. त्याच ऑपरेशनमध्ये किंवा पुढे कधीही. शेक लागणार असेल तर सिलिकॉनची अडचण होऊ शकते, म्हणून हे आधी ठरवायचं.

घरी आल्यावर काय काय सांभाळायचं?

स्तन काढला असेल तर नळी आणि तिला जोडलेली पिशवी घेऊन घरी याल. जुन्या सुती साडीची खिसेवाली थैली शिवून गळ्यात अडकवा. ती पिशवी आठ-दहा दिवस सांभाळावी लागते, पाणी कमी झालं की काढतात. पुन्हा नुसता काप काढला असेल तर बहुधा नळी नसते, दुसऱ्या दिवशी घरी.

हाताला सूज येते ती मुख्यतः काखेच्या ऑपरेशनने, स्तनाच्या नव्हे. दोन्ही मार्गांत ती काळजी सारखीच. भिंतीवर बोटं चढवत न्यायचा व्यायाम सांगतील तेव्हापासून रोज करा, नाहीतर खांदा धरतो आणि रहाट ओढता येत नाही. त्या हाताला कोयती, काटा, चूल यांपासून जपा. लावणीच्या चिखलात व्रण पूर्ण भरेपर्यंत उतरू नका.

मासे खाल्ले तर जखम पिकते का, हे मला निदान वीस जणींनी विचारलंय. नाही पिकत. प्रथिनं लागतात, बांगडा खा. डॉक्टरांनी दुसऱ्या कशासाठी पथ्य सांगितलं असेल तर ते पाळा.

खर्चाचं काय?

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत दोन्ही ऑपरेशनं, केमो आणि रेडिएशन बसतं. रेशनकार्ड, आधार आणि बायोप्सीचा कागद घेऊन हॉस्पिटलमधल्या योजनेच्या टेबलावर आधी जा, पैसे भरल्यानंतर नको.

दुसरा सल्ला घेतला तर आमचे डॉक्टर रागावतील?

शहाणे डॉक्टर रागावत नाहीत. फक्त रिपोर्टचा कागद नेऊन भागत नाही. लॅबमधून स्लाइड आणि तुकडा जपून ठेवलेले मेणाचे ब्लॉक मागून घ्या, ते तुमचे आहेत. दुसरा पॅथॉलॉजिस्ट तेच बघून सांगतो की कड खरंच बाधित आहे का. टाटा मेमोरियलच्या तज्ज्ञांचं मत घरबसल्या कागद पाठवूनही घेता येतं, त्या सेवेचं नाव नव्या.

तुम्ही काय केलंत?

मी पुन्हा काप काढून घेतला. दुसरा तुकडा साफ आला. तीन आठवडे लालबागला मावसबहिणीकडे राहून शेक घेतला, कातडी काळवंडली, मग उजळली. उजवी बाजू आता लहान आहे. आमची शिवणकामवाली काही न बोलता ब्लाउजला त्या बाजूने आतून एक जास्तीची टीप घालते.

माझ्या शेजारच्या कॉटवर देवगडची एक होती, माझ्याच वयाची, तिचीही एक कड बाधित. तिने स्तन काढला. काख साफ होती, शेक लागला नाही, अकराव्या दिवशी गाडीत बसली. दर वर्षी आम्ही तपासणीच्या तारखा जुळवून घेतो. माझा मॅमोग्राम दोन्ही बाजूंचा, तिचा एका. बाहेर आलो की ती हमखास म्हणते, "माजे अर्धे पैशे वाचले," आणि चहाचे तीच देते.